आईनं विचारलं नाही : 'दोघी' या चित्रपटाविषयी

आयोजकांनी मला विषय दिला होता 'मराठी चित्रपटातील आई आणि मुलगी'. तो मी जरा आखूड केला आहे. एकाच चित्रपटावर बोलणार आहे, 'दोघी'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, १९९५ सालचा. आखूड करण्याचं कारण असं, की आई आणि मुलगी समोरासमोर उभ्या असलेले मराठी चित्रपट मोजायला बसलो आणि बोटं शिल्लक राहिली.

तुम्ही म्हणाल, असं कसं? आपल्या सिनेमात आईवाचून पान हलत नाही. खरं आहे. पण ती आई बहुधा मुलाची असते. १९५३ सालचा अत्र्यांचा 'श्यामची आई' घ्या. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, आणि योग्य चित्रपटाला मिळालं असं माझं मत आहे. तिथे मुलगा चुकतो, आई समजावते, मुलगा रडतो, मोठा होतो आणि आईची गोष्ट जगाला सांगतो. सांगणारा श्याम आहे. श्यामच्या आईला तिच्या आईकडून काय मिळालं होतं, काय मिळालं नव्हतं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

मुलीचा चित्रपट म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी नाव येतं 'माहेरची साडी'. १९९१, विजय कोंडके, अलका कुबल. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी तो पाहिला नसेल असं होणार नाही. मी त्याला हसणाऱ्यांतला नाही. आमचे काही सहकारी तेव्हा हसायचे. 'रुमाल घेऊन जायचा सिनेमा' म्हणायचे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या चित्रपटातली आई मुलीला जन्म देताना मरते, आणि म्हणूनच बाप मुलीला अपशकुनी ठरवतो. म्हणजे लेकीच्या दुःखाचा एवढा मोठा चित्रपट, आणि त्यात लेकीची आई नाही! छळणारी सासू आहे, पाठ फिरवणारा बाप आहे, जीव लावणारा भाऊ आहे. आई मेलेली असल्यामुळे ती निर्मळ राहते. मेलेली आई कधी चुकत नाही. रडायला आलेल्या बाईला घरी जाऊन स्वतःच्या आईविषयी, किंवा स्वतः आई म्हणून, काही वेगळा विचार करावा लागत नाही. सासूला चार शिव्या दिल्या की काम झालं.

'उंबरठा' आहे, १९८२ चा, जब्बार पटेलांचा. तिथे आई घराबाहेर पडते, लहान मुलगी मागे राहते. चित्रपट मोठाच आहे. पण तिथला वाद बाईनं बाहेर पडावं की नाही याचा आहे. मुलगी त्या वादात बोलत नाही, तिच्याविषयी बोललं जातं.

'दोघी'त आई जिवंत आहे, समोर आहे, प्रेमळ आहे, आणि तिच्या हातून लेकीचं नुकसान होतं. हे पडद्यावर दाखवायला धाडस लागतं. सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्याच्या विद्यार्थिनी. बायकांबरोबर, बायकांविषयी अभ्यास करता करता त्या चित्रपटाकडे वळल्या. 'बाई' नावाचा लघुपट १९८५ चा, मग 'पाणी', आणि पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट हा 'दोघी'. ज्या बायकांविषयी चित्रपट काढायचा त्यांच्या शेजारी बसून आधी ऐकलेलं होतं. तो फरक जाणवतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. लहानसं गाव. गौरी आणि कृष्णा या दोन बहिणी. गौरीचं लग्न ठरतं, मांडव पडतो, आणि वऱ्हाडाला वाटेत अपघात होतो. नवरदेव जातो. बाप त्या धक्क्यानं अंथरुणाला खिळतो. गाव गौरीला पांढऱ्या पायाची ठरवतं. घर खालावत जातं. मग मामा येतो आणि म्हणतो, पोरीला मुंबईला नेतो, कामाला लावतो. आई पाठवते. मुंबईहून पैसे येऊ लागतात. ते कुठल्या धंद्यातून येतात हे तुम्ही ओळखलंच. त्या पैशावर घर चालतं आणि धाकट्या कृष्णाचं लग्न उभं राहतं. त्या लग्नासाठी गौरी घरी येते, आणि आई तिला जवळ करत नाही.

ही गोष्ट ऐकताना अंबाजोगाईच्या माणसाला काही आठवायला हवं. आठवलं का? आपली योगेश्वरी. दंतकथा तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, वाटेत मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं, आणि देवी इथेच राहिली, कुमारिका. हत्तीखान्यातली लेणी म्हणजे तेच वऱ्हाड असं म्हातारी माणसं सांगत. आता बघा, लग्नाच्या दिवशी लग्न मोडलेली नवरी. या गावानं तिचं देऊळ बांधलं, नवरात्रात तिच्या पायाशी रांग लावली. आणि तीच गोष्ट शेजारच्या घरातल्या पोरीच्या बाबतीत घडली तर? तिला सुपारी घ्यायला बोलावत नाहीत. देवीला जे जमतं ते माणसाच्या पोरीला जमत नाही, कारण देवीला कोणी पोसायचं नसतं. तिच्या मागे धाकटी बहीण लग्नाची नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आईला माहीत होतं का?

मामाची भूमिका सदाशिव अमरापूरकरांनी केली आहे. १९९५ च्या प्रेक्षकानं त्यांना चार वर्षांपूर्वी 'सडक'मध्ये पाहिलेलं होतं, कोठा चालवणाऱ्या महाराणीच्या भूमिकेत. म्हणजे मामा पडद्यावर आला की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. आपल्याला कळतं. मग घरातल्या बाईला कळत नाही? सख्खा भाऊ आहे तिचा, तिनं त्याला ओळखू नये? पोरगी शिकलेली नाही, मुंबईत तिला असं कोणतं काम मिळणार आहे की इतके पैसे यावेत?

(श्रोत्यांमधून एक बाई : माहीतच होतं तिला, सर.)

थांबा ताई, तुम्हाला नंतर बोलायचं आहे, माईक देतो. पण बघा, तुम्ही 'माहीत होतं' म्हणालात. शेजारच्या काकू मान हलवून 'नाही' म्हणताहेत. दोघी बरोबर आहेत असं मला म्हणायचं आहे. तत्त्वज्ञानात हा जुना पेच आहे. माणूस स्वतःला फसवू शकतो का? फसवायचं तर फसवणाऱ्याला खरं ठाऊक हवं आणि फसणाऱ्याला ठाऊक नको. एकाच डोक्यात दोन्ही कसं मावणार? सार्त्रनं यावर पानंच्या पानं लिहिली. मला त्याचं उत्तर पूर्ण पटलेलं नाही, तो स्वतःला फसवणाऱ्या माणसाकडे फार वरून पाहतो. या आईकडे पाहिलं की वाटतं, फसवणूक डोक्यात होतच नाही. ती जिभेवर होते. आई एक प्रश्न विचारत नाही. बस्स एवढंच. 'काय काम करतेस गं?' हे चार शब्द ती बोलत नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, उत्तर मिळालं तर पैसे नाकारावे लागतील, पैसे नाकारले तर चूल विझेल आणि कृष्णा घरात राहील. न विचारणं हा तिच्या घरखर्चाचा भाग झाला आहे.

उत्तरा बावकरांनी हे जे केलं आहे ते पुन्हा बघण्यासारखं आहे. त्या बाई राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या, आवाजावर हुकमत असलेल्या. आणि इथे भूमिका अशी मिळाली की जे बोलायचं ते बोलायचं नाही. ही आई दुष्ट असती तर प्रेक्षक सुटला असता. ही आई भोळी असती तरी सुटला असता. बावकर आपल्याला दोन्हीकडून सुटू देत नाहीत.

आणि हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कसा दिसतो ते सांगतो. 'दोघी' ऊसतोडीवरचा चित्रपट नाही, हे आधी स्पष्ट करतो. पण बीडच्या माणसाला तो पाहताना 'उचल' हा शब्द आठवतो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दसऱ्यानंतर गाड्या निघतात. घरात तेरा-चौदा वर्षांची पोरगी असली तर आई काय करते? आजीकडे ठेवायची तर आजीला डोळ्यानं दिसत नाही. सोबत न्यायची तर फडावरच्या पालाला दार नसतं. उरलं काय? लग्न लावून द्यायचं. आपण बाहेरून म्हणतो, बालविवाह, अज्ञान, अंधश्रद्धा. त्या माउलीला विचारलं तर ती म्हणते, 'लेकराला सुरक्षित केलं.' ती खोटं बोलत नाही. आणि लेकराचं नुकसान झालं हेही खोटं नाही.

गौरीच्या आईनं लेकीवर उचल घेतली आहे. मामा हा मुकादम आहे. उचलीचा नियम तुम्हाला माहीत आहे, ती फिटत नाही. एक हंगाम संपला की पुढच्या हंगामावर जाते.

कांटचं नाव काढल्याशिवाय मी व्याख्यान संपवत नाही असा माझ्यावर आरोप आहे. तर काढतो. १७८५ च्या त्याच्या नीतिशास्त्राच्या छोट्या ग्रंथात तो म्हणतो, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. एवढं सगळ्यांना आठवतं. त्यात तो आणखी एक गोष्ट जोडतो ती विसरली जाते. दुसऱ्याला वापरू नका, आणि स्वतःलाही नुसतं साधन करू नका. आईनं गौरीला वापरलं, हे वाक्य बरोबर आहे. पण ती हे करू शकली, कारण स्वतःला वापरण्याची तिला जन्मभर सवय होती. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, हजारो शस्त्रक्रियांचे आकडे पुढे आले. त्याची कारणं एक नाही, अनेक आहेत, डॉक्टरांची जबाबदारी वेगळी आहे. पण खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून स्वतःच्या शरीरातला अवयव काढायला तयार होणारी बाई ही कांटच्या वाक्याचा विसरलेला अर्धा भाग आहे. अशा बाईला आपण 'तू लेकीला साधन केलंस' असं म्हणायचं तर आधी विचारावं लागेल, तिला साध्य कोणी मानलं होतं?

मग त्या घरात साध्य कोण? बाप अंथरुणावर. सूर्यकांत आहेत ते. ज्यांना आपण रांगड्या नायकाच्या भूमिकेत पाहिलं तो माणूस हतबल पडलेला बघणं हाही एक धक्का आहे. गौरी साधन. आई साधन. कृष्णा? तिचं लग्न हे साध्य आहे, ती नाही. शेवटी उरते घराची अब्रू. आणि गंमत अशी की अब्रू वाचवण्यासाठी जे विकलं ती अब्रूच होती. हे आईला कळतं, म्हणूनच गौरी समोर आली की तिला सहन होत नाही. आई मुलीला टाळत नाही. ती न विचारलेला प्रश्न टाळते. तो प्रश्न आता लुगडं नेसून अंगणात उभा आहे.

इथे मला एका परदेशी चित्रपटाची आठवण काढायची आहे. 'स्टेला डॅलस', १९३७ चा, दिग्दर्शक किंग व्हिडॉर, मुख्य भूमिकेत बार्बरा स्टॅनविक. आई गरीब घरातली, बटबटीत कपडे घालणारी. मुलगी मोठ्या घरात जावी म्हणून ती स्वतःहून तिच्या आयुष्यातून बाजूला होते. शेवटी मुलीचं लग्न चालू आहे आणि आई बाहेर रस्त्यावर, पावसात, खिडकीतून बघते आहे. जगभरच्या बायका यावर रडल्या. स्टॅनली कॅव्हेल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं अशा रडक्या समजल्या जाणाऱ्या चित्रपटांवर १९९६ साली एक पुस्तक लिहिलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं अशा चित्रपटांवर पुस्तक लिहावं, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्याचं म्हणणं असं, की स्टेला हा निव्वळ त्याग नाही. ती त्या खिडकीपासून वळते आणि चालू लागते, तेव्हा ती स्वतःच्या आयुष्याकडे चालली आहे.

मला हे अमेरिकेत पटतं. आता 'दोघी' शेजारी ठेवा. इथेही लग्न आहे आणि लग्नाबाहेर एक बाई आहे. पण बाहेर आई नाही, थोरली लेक आहे. जिच्या पैशानं मांडव उभा आहे ती मांडवाबाहेर. आणि दार लावून घेणारी आई. स्टेला वळून चालू लागते, कारण तिला चालायला रस्ता आहे. गौरीनं वळून कुठे जायचं? मुंबईला? तिकडून तर ती आली आहे. त्यागाला सुंदर म्हणण्याआधी त्याग करणाऱ्याला दुसरी वाट होती का हे बघावं लागतं. दुसरी वाट नसेल तर त्याला त्याग म्हणू नये. आपल्या भाषेत 'आईचा त्याग' हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की त्याखाली कोणी काय सोडलं हे दिसतच नाही.

आता रडण्याविषयी. अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक असं, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेला असला तर त्याला रस मिळत नाही. नाटकातला शोक कुणा एकाचा राहता कामा नये, साधारण व्हायला हवा, तरच करुणातून आनंद मिळतो. हजार वर्षं टिकलेला विचार आहे, तो मी इथे पाच मिनिटांत उडवून लावणार नाही. पण 'दोघी'सारख्या चित्रपटाला तो पुरत नाही. हा चित्रपट पाहताना बाईला स्वतःची लेक आठवली, तर अभिनवगुप्त म्हणेल विघ्न आलं. मी म्हणतो, चित्रपट तिथे सुरू झाला. कारण साधारण झालेलं दुःख हलकं होतं. 'आईची माया' म्हणून रडलो आणि मोकळे झालो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. त्याच काळात आपल्या घरांत आई-मुलीच्या मालिका पाहून डोळे पुसले जात होते. ही दोन्ही कामं एकाच घरात होऊ शकतात. म्हणून मला नुसत्या रडण्याचा भरवसा वाटत नाही. विशिष्ट लेक आठवून आलेलं रडू वेगळं. ते लवकर संपत नाही.

चित्रपटाचे दोष सांगितले नाहीत तर तुम्ही म्हणाल, सर भारावले. तर सांगतो. मामाच्या भूमिकेची निवड मघाशी मी गुण म्हणून सांगितली, ती दोषही आहे. एवढं ओळखीचं वाईट माणूस समोर असल्यावर मामाला समजून घ्यायची गरज उरत नाही. आईला जेवढा न्याय मिळाला तेवढा मामाला नाही. तोही कुठल्यातरी गिरणीच्या, चाळीच्या, उपासमारीच्या वाटेनं तिथे पोचला असेल. गाव म्हणून जे दिसतं तेही एकाच सुरात बोलतं. खऱ्या गावात एखादी म्हातारी असते, जी सगळ्यांसमोर 'पोरीचा काय दोष?' म्हणून टाकते आणि कोणी तिचं ऐकत नाही. आणि काही ठिकाणी चित्रपटातला विचार पात्रांच्या तोंडून जरा तयार होऊन बाहेर पडतो. समाजकार्यातून आलेल्या लेखकांना ही खोड असते. प्राध्यापकांनाही असते, ते असो.

गाण्यांबद्दल एकच. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. महानोर आपल्याच मराठवाड्यातले, पळसखेड्याचे. भेगाळलेल्या भुईचं त्यातलं जे गाणं आहे ते अंजली मराठे यांनी कोवळ्या वयात गायलं, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इतर भावनाप्रधान चित्रपटांत गाणं आपल्याला कधी रडायचं ते सांगतं. इथे गाणं जमिनीविषयी बोलतं, माणसांविषयी आपण समजून घ्यायचं. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला ते भाषांतर करून सांगावं लागत नाही.

शेवटी नावाचा मुद्दा. 'दोघी' म्हणजे कोण? उघड उत्तर, दोन बहिणी. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. पण चित्रपट जसजसा पुढे जातो तसतशी कृष्णा महत्त्वाची होत जाते, कारण तिला दिसतं. आई जे विचारत नाही ते कृष्णा विचारते. ज्या पैशावर आपलं लग्न उभं आहे तो पैसा कुठून आला हे ज्या पोरीला कळलं, तिनं काय करावं? गप्प बसून मुंडावळ्या बांधून घ्याव्यात? म्हणजे आईनं न विचारण्याची रीत पुढच्या पिढीकडे द्यायची ठरवली आहे, आणि ती घ्यायची की नाही हे धाकटीनं ठरवायचं आहे. मला म्हणून त्या नावात बहिणींबरोबर मायलेकीही ऐकू येतात. आणि त्यातली लेक कधी गौरी असते, कधी कृष्णा.

शेवट मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी चित्रपट पाहिलेला नाही हे मला मघाशी हात वर करायला सांगितल्यावर कळलं. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी शेवटाविषयी माझ्याशी भांडावं. तो शेवट जरा लवकर समेटाकडे जातो का, यावर माझ्या घरात गेली काही वर्षं वाद चालू आहे आणि मिटलेला नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या त्या ताईंना आधी माईक द्या. त्या म्हणाल्या होत्या, आईला माहीत होतं. ताई, तुम्हाला असं का वाटलं ते सविस्तर सांगा.